नक्कल करण्यास मुभा आहे

मराठी पुस्तक उघडले की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक टाइपात एक ओळ दिसते : या पुस्तकाचे सर्व हक्क अमक्याच्या स्वाधीन आहेत. ही ओळ आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती आपण वाचत नाही. तिच्याकडे आमचे लक्ष गेले ते एका निराळ्याच पुस्तकामुळे. मॅट वेल्श या अमेरिकन लेखकाने विद्यार्थिदशेत, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या पूर्वार्धात, 'लिनक्स इन्स्टॉलेशन अँड गेटिंग स्टार्टेड' या नावाचे एक पुस्तक लिहिले. लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली कशी बसवावी आणि तिच्याशी ओळख कशी करून घ्यावी, एवढाच त्याचा विषय. साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्या वाटेस जाण्याचे काही कारण नव्हते. परंतु या पुस्तकाची नक्कल करावी, ती वाटावी, फक्त हक्काची सूचना मूळ शब्दांत कायम ठेवावी, असे त्याच्या आरंभीच सांगितलेले होते. पुस्तक ज्या कार्यप्रणालीविषयी होते, ती तर याहूनही पुढे गेलेली होती. तिची नक्कल करता येत होतीच, शिवाय तिचा मूळ पाठ वाचता येत होता आणि बदलताही येत होता.

'पाठ' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. लिनक्सचा इतिहास सामान्यतः अभियंत्यांच्या भाषेत किंवा व्यापाराच्या भाषेत सांगितला जातो. कोणती कंपनी हरली, कोणती जिंकली, असा. आम्हांला तो एका संहितेचा, तिच्या नकलांचा, टीकाग्रंथांचा आणि पाठभेदांचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो. तसा वाचला म्हणजे संगणकावरील मराठीचे काय झाले, हेही त्यातच उलगडू लागते.

आधी एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. माणूस जी लिहितो ती मूळ संहिता. तिच्यात शब्द असतात, चिन्हे असतात, मधूनमधून लेखकाच्या टिपाही असतात. तिचे यंत्रासाठी रूपांतर केले की उरते ती एक-शून्यांची रास. ती यंत्राला चालते, माणसाला वाचता येत नाही. दुकानातून आज्ञावली विकत घेतली तर हे दुसरे रूप हाती पडते. मराठीच्या विद्यार्थ्याला सकळ लिपीची आठवण करून दिली की हा भेद चटकन ध्यानात येईल. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके अस्तित्वात होते, मठांतून वाचले जात होते. पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या सांकेतिक लिपीचा उलगडा करेपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते असून नसल्यासारखे होते. महानुभावांनी लिपी झाकली ती पंथाच्या रक्षणासाठी. आज्ञावल्यांच्या कंपन्यांनी झाकली ती विक्रीसाठी. बाहेरच्या वाचकाची स्थिती दोन्हीकडे सारखीच.

पण आरंभी असे नव्हते. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी ही दूरध्वनीच्या धंद्यातली. १९५६ मधील एका न्यायालयीन तडजोडीने तिला संगणकाच्या धंद्यात उतरण्यास मज्जाव होता. त्यामुळे युनिक्सची मूळ संहिता विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात मिळू लागली. एका व्यापारी निर्बंधाचा हा आनुषंगिक लाभ म्हणावयाचा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास आपल्या वर्गासाठी एक विलक्षण गोष्ट केली. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता त्यांनी ओळींना क्रमांक देऊन एका भागात छापली, आणि दुसऱ्या भागात तिच्यावर टीका लिहिली. अमुक ओळीत हे का केले, तमुक ओळीतली ही युक्ती कशासाठी, अशी. ओवीक्रमांक देऊन ज्ञानेश्वरीवर सार्थ टीका लिहिणाऱ्यांची जी पद्धत, नेमकी तीच.

या संहितेत एक जागा प्रसिद्ध आहे. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे संगणकाने वळावे कसे, याची ती अवघड ओळ. तिच्या माथ्यावर मूळ लेखकांनी टीप लिहून ठेवली होती, की हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही. पुढच्या पिढ्यांनी ही टीप उद्धटपणाचा नमुना म्हणून मिरवली. रिची यांनी पुष्कळ वर्षांनी खुलासा केला, की 'हा भाग परीक्षेला नाही' एवढ्याच भावनेने ती लिहिली होती. टीपेचा अर्थ लेखकाच्या हेतूबाहेर कसा वाढत जातो, याचे उदाहरण वर्गात द्यावयाचे झाल्यास हे काही वाईट नाही.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीला या मालाची किंमत कळलेली होती. नव्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकविण्यास बंदी घातली. लायन्स यांचा टीकाग्रंथ उघडपणे मिळेनासा झाला. मग तो झेरॉक्स होऊन फिरू लागला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, अक्षरे पुसट होत गेलेली, पाने तिरकी कापली गेलेली. विद्यार्थ्यांनी ती हातोहात एकमेकांना दिली. १९९६ मध्ये तो ग्रंथ रीतसर प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, लायन्स वारले. सुमारे दीड तप चोरून वाचला गेलेला हा बहुधा एकमेव क्रमिक टीकाग्रंथ असावा. आमच्या विद्यार्थ्यांनी आमच्या टिपणांच्या झेरॉक्स काढलेल्या आम्ही पाहतो, परंतु त्या परीक्षेपुरत्या असतात. असो.

रिचर्ड स्टॉलमन यांची कथा पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास एक नवा छपाईयंत्राचा नमुना आला. कागद अडकला की आधीचे यंत्र सर्वांना सूचना देत असे, कारण त्याच्या संहितेत स्टॉलमन यांनी तशी भर घातली होती. नव्या यंत्राची संहिता मिळेना. दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे ती होती. पण गुप्ततेच्या करारावर सही केल्यामुळे त्याने ती देण्यास नकार दिला. हा नकार स्टॉलमन यांच्या मनाला फार लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू या संपूर्ण मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली.

त्यांची खरी प्रतिभा आम्हांला दिसते ती आज्ञावलीपेक्षा परवान्यात. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा कायद्याच्या भाषेतला एक असाधारण मजकूर आहे. त्यात लेखक आपला हक्क सोडून देत नाही. तो हक्क राखतो, आणि राखलेल्या हक्काच्या जोरावरच वाचकाला सांगतो : ही आज्ञावली वापर, वाच, बदल, वाट, अट एवढीच की तू ज्याला देशील त्यालाही हीच मुभा आणि मूळ संहिता दिली पाहिजेस. 'कॉपीराइट'मधील 'राइट'चा अर्थ हक्क असाही होतो आणि उजवे असाही. म्हणून या युक्तीला 'कॉपीलेफ्ट' असे नाव पडले. श्लेष मराठीत उतरत नाही. मात्र दुसऱ्या एका बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा सुदैवी आहे. इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द 'मुक्त' आणि 'फुकट' या दोहोंना एकच असल्यामुळे या चळवळीची निम्मी शक्ती तो घोटाळा निस्तरण्यात गेली. आपल्याकडे मुक्तछंद फुकट आहे असे कोणी समजत नाही.

स्टॉलमन यांनी १९९७ मध्ये 'द राइट टू रीड' नावाची एक कथाही लिहिली. कथा म्हणून ती सामान्य आहे. पात्रे विधाने करण्यापुरतीच येतात. पण तिची कल्पना लक्षात राहते. एका विद्यार्थिनीचा संगणक बिघडतो आणि ती वर्गमित्राकडे त्याचा संगणक मागते. तो पेचात पडतो, कारण संगणक देणे म्हणजे त्यावरची पुस्तके वाचू देणे, आणि दुसऱ्याला पुस्तक वाचू देणे हा त्या काळात गुन्हा ठरलेला असतो. पुस्तक उसने देणे हा गुन्हा! १९९७ मध्ये हे अतिरंजित वाटले असेल. आज ज्यांनी ई-पुस्तक विकत घेतले आहे त्यांनी ते मित्राला देऊन पाहावे.

एवढे सारे होऊनही जीएनयूकडे एक वस्तू नव्हती, ती म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. यंत्राशी प्रत्यक्ष बोलतो तो भाग. तो आला फिनलंडमधून, आणि आला तोही एका नवशिक्याच्या धडपडीतून. हे सांगण्यापूर्वी मध्ये एका शिक्षकाचे नाव घ्यावे लागते. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबॉम यांना युनिक्सची संहिता शिकविता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच एक लहानशी कार्यप्रणाली लिहिली. तिचे नाव मिनिक्स. १९८७ मध्ये त्यांनी ती पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. संहिता पुस्तकातच छापलेली. लोक त्यांना सारखे सांगत, हे घाला, ते घाला. ते नकार देत, कारण एका सत्रात शिकवून संपेल एवढीच ती राहावी असा त्यांचा आग्रह होता. शिक्षक या नात्याने आमची सहानुभूती या नकाराला आहे. अभ्यासक्रमात प्रत्येकाचा आवडता ग्रंथ घातला तर शिकवावयाचे काय?

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने हे पुस्तक वाचले आणि जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांवर एक ३८६ संगणक घेतला. या तरुणाच्या चरित्रातील एक तपशील वाङ्मयाच्या वर्तुळात फारसा माहीत नाही. त्याचे एक आजोबा, ओले टोर्व्हाल्ड्स, हे स्वीडिश भाषेत लिहिणारे फिनलंडमधील पत्रकार आणि कवी होते. दुसरे आजोबा संख्याशास्त्रज्ञ, आणि पहिला संगणक नातवाच्या हाती आला तो यांच्याकडून. वारशाची ही वाटणी पाहून कोणी काय निष्कर्ष काढावा ते काढावा.

नवा संगणक कसा चालतो हे समजून घ्यावे आणि घरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घ्यावे, एवढ्यासाठी लिनसने एक छोटी आज्ञावली लिहिण्यास घेतली. ती वाढत गेली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना उद्देशून कळविले, की मी एक कार्यप्रणाली करीत आहे, हा नुसता छंद आहे, तुम्हांला काय हवे-नको ते सांगा. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती सर्व्हरवर ठेवली गेली. तिच्यात जवळजवळ दहा हजार ओळी होत्या. लिनसला नाव 'फ्रीक्स' असे ठेवावयाचे होते. ज्या मित्राने सर्व्हरवर जागा दिली त्याने त्या जागेला परस्पर 'लिनक्स' असे नाव देऊन टाकले. पुढे एकदा मोडेमला द्यावयाची आज्ञा चुकून हार्ड डिस्कला दिली गेली आणि त्याच्या संगणकावरचे मिनिक्स पुसले गेले. ते पुन्हा बसवावे की आपल्याच अर्धवट कृतीवर राहावे, असा प्रश्न पडला, आणि त्याने दुसरे निवडले. मोठ्या गोष्टी कधीकधी अशा नाइलाजाने सुरू होतात.

आरंभीच्या परवान्यात त्याने पैसे घेऊन वाटण्यास मनाई केली होती. १९९२ मध्ये त्याने जीपीएल स्वीकारला. आमच्या मते लिनक्सच्या इतिहासातील निर्णायक क्षण हा आहे. ऑगस्टमधले ते पत्र नव्हे. त्याच वर्षीच्या जानेवारीत टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिनक्सची रचना कालबाह्य ठरविली होती, आणि तू माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असेही सुनावले होते. रचनेच्या वादात कोण बरोबर हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. पण दोन संहितांच्या पुढील वाटा पाहण्यासारख्या आहेत. मिनिक्स २००० मध्ये एका सैल परवान्याखाली मुक्त झाले; त्यात संहिता पुढच्याला देण्याची अट नाही. २०१७ मध्ये उघडकीस आले, की इंटेलच्या प्रक्रियकांच्या पोटात मिनिक्सचीच एक आवृत्ती वर्षानुवर्षे चालत आहे. लेखकालाही हे तेव्हाच कळले. ज्या माणसाने संहिता वाचावयास मिळावी म्हणून ती लिहिली, तिच्यावर कोट्यवधी यंत्रांत मोहोर लागलेली होती.

आता मॅट वेल्श यांच्या पुस्तकाकडे परत येऊ. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन वितरणे सुरू झाली. वितरण म्हणजे गाभा, जीएनयूची साधने आणि इतर आज्ञावल्या यांची बांधून दिलेली एकत्र मोट. ती फ्लॉप्यांवरून चढवावी लागे. १.४४ मेगाबाइटची एकेक फ्लॉपी घालावयाची, काढावयाची. बाराव्या फ्लॉपीत दोष निघाला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. हार्ड डिस्कचे भाग पाडताना एक आकडा चुकला की घरातल्या सर्वांच्या फाइली जात. चित्रमय पडदा जुळविताना मॉनिटरची वारंवारता चुकीची दिली तर मॉनिटर जळू शकेल, अशी ताकीद दस्तऐवजांत गंभीरपणे दिलेली असे. भारतात नव्वदच्या दशकात 'पीसी क्वेस्ट' या इंग्रजी मासिकाने अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी दिल्या. पुष्कळांचा श्रीगणेशा त्या सीडींवर झाला.

या आरंभाची गंमत अशी, की नवशिक्याला शिकविणारा कोणी नसे. त्याला वाचावे लागे. आज्ञावलीबरोबरच तिचे पुस्तक संगणकावर येई आणि 'मॅन' ही अक्षरे लिहून आज्ञेचे नाव दिले की तिचे पान उघडे. 'हाउ-टू' नावाची शेकडो टिपणे होती. ती बहुतेक अशाच लोकांनी लिहिली होती, ज्यांचा स्वतःचा प्रश्न महिन्यापूर्वी सुटला होता. त्यामुळे त्यांत पंडिती अलिप्तता नाही. कुठे ठेच लागते ते लेखकाला ताजे आठवत असते. पण हेही सांगितले पाहिजे, की या जगाचा एक तुसडेपणा होता. प्रश्न विचारणाऱ्याला 'आधी पुस्तक वाच' असे अपशब्दांसह बजावण्याची एक रीतच पडली होती. वाचनाचा हक्क मागणाऱ्या चळवळीने वाचनाची सक्ती हे शस्त्र म्हणून वापरावे, हे शोभले नाही. पुढे २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांनी काढलेल्या नॉपिक्सने काहीही न पुसता नुसत्या सीडीवरून लिनक्स चालविण्याची सोय लोकप्रिय केली, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने तर मागेल त्याला टपालाने सीडी फुकट पाठविल्या. हा उपक्रम २०११ पर्यंत चालला.

ज्याला-त्याला बदलण्याची मुभा, तर संहितेत प्रक्षेप किती होतील, ही शंका मराठीच्या वाचकाला येणारच. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकलाकारांनी घुसडलेल्या पाठांना कंटाळून, आणि आपली ओवी कोणी त्यात घालू नये असा इशारा देऊन ठेवला. लिनक्सने हा प्रश्न इशाऱ्याने सोडविला नाही. सुचविलेला प्रत्येक बदल लहान तुकड्याच्या रूपात येतो, त्या-त्या भागाचा राखणदार तो तपासतो, मग तो वर जातो. २००२ पासून या कामासाठी एका खासगी कंपनीचे साधन वापरले जात होते. २००५ मध्ये त्याची मोफत सवलत बंद झाली, तेव्हा टोर्व्हाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये काही दिवसांत 'गिट' हे साधन लिहिले. त्यात प्रत्येक ओळ कोणी, कधी, कोणत्या कारणाने घातली याची नोंद राहते. राजवाड्यांपासून पाठचिकित्सा करणाऱ्या आपल्या संशोधकांनी ज्या माहितीसाठी आयुष्ये घालविली, ती येथे जन्मतःच उपलब्ध असते. असे एखादे साधन ज्ञानेश्वरीच्या नकलाकारांपाशी असते तर मराठीचे किती प्रबंध कमी झाले असते, हा विचार आम्ही विभागात मोठ्याने बोलत नाही.

मराठीचा संबंध मात्र केवळ उपमेपुरता नाही. १९९१ हे वर्ष यासाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतसारणी प्रमाण केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरी इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेली होती. तिसरे, लिनक्स. तीन धागे एका वर्षी निघाले, पण एकत्र येण्यास दहा-बारा वर्षे लागली. मधल्या काळात मराठीची छपाई संगणकावर आली ती खासगी फॉन्टांच्या रूपाने. त्यांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठविलेले नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चे चित्र बसविलेले असे, आणि कोणत्या जागेवर काय बसवावे हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. तो फॉन्ट संगणकावर असेल तोवर मराठी. नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ. आमच्या विभागाच्या कपाटात एका जुन्या नियतकालिकाचे काही अंक अशा फाइलींच्या रूपाने आहेत. ज्या फॉन्टात ते जुळविले तो आता कोणत्याही नव्या संगणकावर चालत नाही. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या आहेत. सकळ लिपीला निदान उलगडणारा मिळाला.

हे कोंडाळे फुटण्यास मुक्त कार्यप्रणालीचा वाटा मोठा आहे. जिच्यात सर्वांनी एकच संकेत पाळल्याशिवाय कोणाचेच चालत नाही, तिच्यात खासगी लिपीला जागा नसते. इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने २००० च्या सुमारास भारतीय भाषांचे काम हाती घेतले. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांचे 'लोहित' नावाचे फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातील 'रेड'चा तो संस्कृत अवतार. अक्षरे जुळवून जोडाक्षरे घडविणारी 'पँगो' आणि नंतर 'हार्फबझ' ही मुक्त साधने आली. यातला 'हार्फ' म्हणजे आपला हरफ. नावे पाहून वाटते, की अभियंत्यांना भाषेची गोडी नसते हा आपला समज तपासून पाहावा.

येथे मराठीच्या बारीकसारीक अडचणी पुढे आल्या. हिंदीसाठी घडविलेल्या देवनागरीत मराठीचा ल आणि श निराळ्या वळणाचा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर. ते दाखविणारा अर्धा र कितीतरी काळ नीट उमटत नसे. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. बंद आज्ञावलीत असा दोष आढळला तर तक्रार करून वाट पाहावी लागते. येथे मराठी जाणणाऱ्याला तो स्वतः दुरुस्त करता येत होता आणि त्याची दुरुस्ती जगभर जात होती. पडद्यावरील शब्दांचे मराठीकरणही असेच, हौशी मंडळींनी केले. त्याविषयी मात्र आमचे मत संमिश्र आहे. 'सेव्ह'ला साठवा म्हणावे की जतन करा, हा प्रश्न चांगला होता. पण ज्यांनी तो चर्चावा ते आम्ही मराठीचे अध्यापक तेथे बहुतेक नव्हतो. परिणामी काही ठिकाणी उत्तम घरगुती मराठी आहे आणि काही ठिकाणी शासकीय परिभाषाकोशातून उचललेले, कोणाच्याच तोंडी नसलेले शब्द. अनुवादकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी काम रात्री, नोकरी सांभाळून केले.

आज अँड्रॉइड फोनवर मराठी वाचणारा प्रत्येक जण नकळत या सर्वांचा वाचक आहे. त्या फोनचा गाभा लिनक्सचा, अक्षरे जुळविणारे साधन हार्फबझ. मात्र त्या गाभ्याभोवतीची अनेक कवाडे उत्पादकाने लावून घेतलेली असतात. फोन आपला, पण आतील सारे बदलण्याची सोय बहुधा नाही. जीपीएलच्या २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीने नेमकी ही पळवाट बुजविली होती. लिनक्सने ती स्वीकारली नाही, दुसरीवरच राहिला. टोर्व्हाल्ड्स आणि स्टॉलमन यांच्यातील हा मतभेद मूलभूत आहे : एकाला संहिता परत मिळाली की पुरे, दुसऱ्याला वाचकाची सत्ता हवी. आम्ही दुसऱ्याच्या बाजूने आहोत, जरी त्याच्या बाजूने उभे राहणे अनेकदा गैरसोयीचे असते.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी आता फ्लॉप्यांचे दिव्य उरलेले नाही. पेनड्राइव्हवर एखादे वितरण घ्यावे, संगणक त्यावरून सुरू करावा, हार्ड डिस्कला हात न लावता फिरून पाहावे. मांडणीच्या यादीत मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक निवडावा. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द लिहून पाहावेत. मग कपाटातली एखादी जुनी फाइल त्यावर उघडावी. पडद्यावर रोमन चिन्हांची माळ दिसेल. कोणत्या चिन्हाखाली कोणते अक्षर दडले आहे याची सारणी, छापील प्रतीचे एखादे शाबूत पान शेजारी ठेवून, हाताने तयार करावी लागते. आमच्या विभागात दोन विद्यार्थिनींनी हे काम घेतले आहे. आजवर त्यांना एकशे चाळीस चिन्हे लागली, जोडाक्षरे बाकी आहेत.